एकशे दोन अंश : डाव्या गुडघ्यासाठी सायकल जुळवतानाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. बहीण साक्रीहून आली. ओवाळायला पाट मांडला आणि मी नेहमीप्रमाणे खुर्चीत. पाटावर बसून पंधरा वर्षं झाली. २००९ मध्ये सोनगीर रोडला मोटारसायकल घसरली आणि डाव्या गुडघ्याची वाटी तीन तुकड्यांत फुटली. पिना आणि तार घालून जोडली, वरून प्लास्टर. ते जरा जास्तच दिवस राहिलं. निघाल्यावर "होईल हळूहळू मोकळा" एवढं सांगून घरी पाठवलं, व्यायाम कुणी दाखवला नाही. जेवढा मोकळा व्हायचा तेवढा झाला आणि तिथेच थांबला.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, वाटीच्या मागे झीज सुरू झालीय, मांडी सुकलीय. जिने कमी चढा, उकिडवे बसू नका, सायकल चालवा. कशी चालवायची ते विचारायचं राहिलं, पुढचा पेशंट दारात येऊन उभा होता.

दुपारी जिन्याखालून लेकीची सायकल काढली. बारावीपर्यंत तिने वापरली, आता ती नाशिकला. २६ इंची, लेडीज, पुढे टोपली. मधला दांडा नसल्यामुळे टांग टाकायला नको, हे एक बरं. अंगणात बसून बघितलं. डावं पायडल मागून वर येतं आणि माथ्यावर पोचायच्या जरा आधी गुडघा अडतो, आतून कडी लावल्यासारखा. मग पायडल उलटं फिरवायचं, परत वर आणायचं, परत अडायचं. शेजारचा पोरगा म्हणाला, काका, चेन उतरली का?

५ नोव्हेंबर

आधी मापं. पाय सरळ म्हणजे शून्य अंश धरला. पलंगाच्या कडेला बसून डावा गुडघा आपोआप ९८ अंश वाकतो, हाताने ओढला तर १०२. त्यापुढे दुखतही नाही, नुसता थांबतो. उजवा १३५ च्या वर जातो, त्याचं मोजणं सोडून दिलं.

आता पायडलची मागणी. उजवा पाय पायडलवर ठेवून ते माथ्यावर नेलं, बायकोने बाजूने मोबाइलवर फोटो काढला आणि मी पडद्यावर लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला. ११९ अंश. म्हणजे ही सायकल ११९ मागते आणि माझ्याकडे आहेत १०२. इतकी वर्षं "सायकल जमत नाही" म्हणायचो. सतरा अंशांची तूट आहे असं कधी म्हटलं नव्हतं. पतपेढीत नोकरी केल्याचा परिणाम असेल, तूट दिसली की जरा हुरूप येतो.

१० नोव्हेंबर, रविवार

तुटीचा मोठा भाग सीटमध्ये निघाला. सीट लेकीच्या उंचीची, क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्याला जोडलेलं असतं त्याच्या, फिरण्याच्या मध्यापासून ६१ सेंटिमीटर. सीट खाली असली की माथ्यावर गुडघा जास्त दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. गुडघ्याची पुढची बाजू दुखते ती बहुतेक त्यामुळेच. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सगळेच सीट खाली ठेवतात. दूधवाला, पेपरवाला, शाळेची पोरं, सगळ्यांचे गुडघे हँडलला लागतात.

उंची काढायची रीत : भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाडसर वही जांघेत घट्ट धरायची, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं आलं ७८. त्याला ०.८८३ ने गुणायचं. ६८.९ सेंटिमीटर. रीत सर्वसाधारण आहे, पण सुरुवातीला धरून चालायला बरी. पायडल तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहिला म्हणजे सीट बरोबर. त्याहून वर नेली तर गुडघ्याच्या मागची शीर ओढली जाते आणि कंबर डावी-उजवी डुलते.

जुना सीटचा दांडा एवढा वर येईना. आग्रा रोडवरच्या सायकलवाल्या चाचाकडून लांब दांडा आणला. अडीच इंच आत राहिलाच पाहिजे, हे त्याने दोनदा बजावलं. सीट ६९ वर बसवून पुन्हा फोटो काढला. १०८ अंश.

राहिले सहा.

२० नोव्हेंबर

मतदान. रांगेत पाऊण तास उभा. घरी येऊन गुडघ्यावर बर्फ. सायकलला हात नाही.

२४ नोव्हेंबर

सहा अंश कुठून आणायचे यावर दोन आठवडे गेले. सीट अजून वर नेली तर उजव्या पायाचे हाल. मग लक्षात आलं, की क्रँक लहान केला तर पायडल माथ्यावर कमी चढेल. मूळ क्रँक १६५ मिलिमीटर. फक्त डावा लहान करायचा, उजव्याची काही तक्रार नाही.

आज डावा क्रँक काढला. क्रँकला एक्सलवर घट्ट धरणारी पाचर, म्हणजे कॉटर पिन, निघता निघेना. नट पूर्ण काढून हातोडा मारला तर पिनेचे आटे चेपतात, म्हणून नट टोकाच्या बरोबरीला आणून ठेवायचा आणि ठोका नटवर घ्यायचा. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकू दिला, नाहीतर ठोक्याचा सगळा मार आतल्या छर्‍यांवर जातो. दोनदा रॉकेलसारखं पातळ तेल सोडलं, चहा घेतला, परत मारला. पाचव्या ठोक्याला पिन निघाली, मधोमध वाकलेली. दहा वर्षं तिने लेकीचं वजन सोसलं होतं.

१ डिसेंबर

अवधान एमआयडीसीत लेथवाल्या नानांकडे क्रँक नेला. १२७ मिलिमीटरवर नवं भोक पाडून आटे करून द्या म्हटलं. इथे पेच आला. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि उलट्या आट्यांचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, नानांकडे नव्हता. नाना म्हणाले, "जिभाऊ, उलटा आटाना टॅप कोठे भेटी? सरळ आटा पाडी देस, उजवं पायडल लाई टाक. फिरनं म्हंजे झायं."

मलाही तेच पटलं. फिरनं म्हंजे झायं. भोक पाडल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन मिलिमीटर लोखंड उरलं. ते मला दिसलं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

४ डिसेंबर

संध्याकाळी गोंदूर रोडला, विमानतळाच्या बाजूला, पहिली फेरी. रस्ता सपाट आणि मोकळा. चौथ्या किलोमीटरला डावा पाय सैल लागायला लागला. मला वाटलं गुडघा. थांबून बघेपर्यंत पायडल सुटून रस्त्यावर गडगडलं आणि मी सायकलसकट बाजूच्या बाभळीत. खरचटण्यापलीकडे काही नाही, डावा पाय आधी टेकला नाही हे नशीब. सायकल ढकलत घरी. बायको काही बोलली नाही, हळद घेऊन आली. ते जास्त लागलं.

रात्री कारण कळलं. मूठ सैल करून तिच्यात पेन्सिल धरायची आणि बाहेरचं टोक गोल फिरवायचं. टोक ज्या दिशेला फिरतं, त्याच्या उलट दिशेला पेन्सिल स्वतःभोवती फिरते, कारण ती मुठीच्या आतल्या कडेवरून लोळत जाते. पायडलचा आस क्रँकच्या भोकात तसाच, अगदी केसभर, लोळत असतो. डाव्या बाजूला सरळ आटे असले की हे लोळणं त्यांना दर फेरीला किंचित सैल करतं. म्हणून डावीकडे उलटे आटे. सायकल बनवणार्‍यांनी ते उगीच केलेलं नाही. चाळीस वर्षं सायकली बघतोय आणि हे बाभळीत पडल्यावर कळलं.

८ डिसेंबर

भोक पाडलेला क्रँक चाचाला दाखवला. त्याने तो उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे बघितलं.

"जिभाऊ, ये किसने किया? क्रँक का पतरा बना दिया."

मी सगळं सांगितलं. अंश, मिलिमीटर, टॅप, बाभूळ. तो ऐकत ऐकत मागच्या पोत्यात हात घालून काहीतरी चाचपत होता. काढला तर लहान पोरांच्या सायकलचा डावा क्रँक, कॉटर पिनवाला, गंजलेला. पट्टी लावली. पाच इंच. म्हणजे १२७ मिलिमीटर. आटे कारखान्यातूनच उलटे. माझ्या एक्सलवर बसवून बघितला, बसला.

"बच्चे की सायकल का डाल देते ना. पहले पूछना था."

ऐंशी रुपये, नव्या कॉटर पिनेसकट. नानांना मी अडीचशे दिले होते. चूक मात्र नानांची धरत नाही. त्यांना भोक पाडायला सांगितलं, त्यांनी पाडलं. दुकानात जाऊन "माझा गुडघा वाकत नाही, काय करू" असं विचारायची लाज वाटली, म्हणून मी घरी बसून उत्तर काढलं आणि कारागिरांना नुसता हुकूम दिला.

१५ डिसेंबर, रविवार

नवा क्रँक बसवला. सीट आणखी एक सेंटिमीटर वर, ७० वर. उजवा पाय तळाला जरा लांबतो, पण चवड्यावर सांभाळतं. हिशेबाने डाव्या पायाला माथ्यावर साधारण १०० अंश लागायला हवेत.

सायकल डबल स्टँडवर. बायकोने हँडल धरलं. डावं पायडल मागून वर यायला लागलं. नेहमीच्या जागी आलं, तिथे माझी कंबर आपोआप डावीकडून उचलली गेली. पंधरा वर्षांची सवय : गुडघा वाकत नाही म्हटल्यावर कंबर पुढे होते. बायको म्हणाली, "अहो, कंबर नका उचलू, खाली बसा." खाली बसलो. गुडघ्यात पुढच्या बाजूला कातडं ताणल्यासारखं झालं, टाक्यांची जुनी रेघ पांढरी पडली आणि पायडल माथा ओलांडून पुढे उतरलं. मागचं चाक फिरत राहिलं. मागच्या दातेरी चक्राची, फ्रीव्हीलची, टिकटिक बराच वेळ ऐकू येत होती, आम्ही दोघंही गप्प.

मग वीस चक्रं. मग अंगणातून गल्लीत. एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून चालावं तसं वाटतं, डावा पाय लहान गोल काढतो आणि उजवा मोठा. शंभर-दीडशे मीटरनंतर ते विसरायला होतं. डावा गुडघा तळाला कधीच पुरता सरळ होत नाही, चाळीसेक अंशांवर राहतो. चालेल.

नानांना सांगायला फोन केला तर लेथ बंद. काल दत्तजयंती झाली, ते सारंगखेड्याला घोडे बघायला गेलेत. घ्यायचा एकही नाही, दरवर्षी नुसते दात बघून येतात.

२२ डिसेंबर

धुळ्याची थंडी. पारा एक आकडी. सकाळी गुडघा लाकडासारखा, ९० अंशांच्या पुढे जाईना. आधी गरम पाण्याची पिशवी, मग पलंगावर टाच पुढेमागे सरकवायची पन्नास वेळा, मग सायकल. सकाळी सहाऐवजी नऊला निघायचं ठरवलं. थंडीत गुडघा उघडा ठेवायचा नाही. मी जुन्या स्वेटरची बाही कापून त्यावर चढवली. बायको त्याला गुडघ्याचं टोपडं म्हणते.

दुपारी मामेभावाच्या शेतात भरीत. तुराट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. सगळे खाली बसले, मी टोमॅटोच्या उपड्या क्रेटवर. सगळ्यांना माझ्या गुडघ्याचं औषध माहीत आहे : एरंडाचं पान बांध, निर्गुडीचा शेक घे, एकाने तर बिब्बा सांगितला. बिब्ब्याने कातडी सोलून निघते, ते करणार नाही. शेक घेतो, बरं वाटतं. आवळलेला सांधा शेकाने पाच अंश पुढे जात नाही, हेही त्यांना सांगून बघितलं. मामी म्हणाली, "तुले सांगीसन काय उपेग."

५ जानेवारी २०२५

गिअरचं काम. सायकलला गिअर नाही, म्हणून गिअर म्हणजे दात्यांचा हिशेब. पुढे ४४ दाते, मागे १८. टायरवर खडूची खूण करून एक फेरा मोजला, २ मीटर ६ सेंटिमीटर. पायडलच्या एका चक्रात सायकल ५ मीटर जायची. सपाटीला ठीक, पण पुलाच्या चढावर प्रत्येक चक्राला डाव्या वाटीत करकर. दुखर्‍या गुडघ्याला जड आणि हळू चक्रं वाईट, हलकी आणि भरभर बरी. मिनिटाला सत्तर-ऐंशी.

मागे २२ दात्यांचा फ्रीव्हील टाकला. आता एका चक्राला ४ मीटर १२ सेंटिमीटर. जुना फ्रीव्हील काढताना चाचाने पाना शिकंज्यात आवळला, फ्रीव्हीलच्या खाचा त्यावर बसवल्या आणि पाना न फिरवता अख्खं चाकच मोटारीच्या स्टिअरिंगसारखं फिरवलं. माझ्याच्याने हे घरी झालं नसतं. चेनला एक जोड वाढवावा लागला.

वेग कमी झाला. मिनिटाला साठ चक्रं मारली तर आधी ताशी अठरा पडायचे, आता पंधरा. कॉलेजची पोरं बघता बघता पुढे जातात. जाऊ द्या.

१४ जानेवारी

संक्रांत. सहा किलोमीटर. गच्चीवर जायचा जिना चुकवला, पतंग खालूनच बघितले.

२६ जानेवारी

आज शहाणपण सोडलं. झेंडावंदन करून नकाणे तलावाला गेलो. पाणी भरपूर, वारा छान, कडेकडेने आणखी पुढे, मग येताना शहरातून. एकूण बावीस किलोमीटर, आधीचा उच्चांक अकरा.

मार बसला तो शहरात. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळ्याची नवी पेठ आखली ती पट्टी लावल्यासारखी, गल्ल्या सरळ आणि एकमेकींना काटकोनात. नकाशावर सुंदर. पण गल्ली नंबर चार, पाच, सहा असं ओलांडत गेलं की दर चौकाला थांबायचं आणि थांबलं की परत निघायचं. थांबलेली सायकल हलवायला जो पहिला जोर लागतो तो सगळ्यात जड असतो, आणि उजवा पाय जमिनीवर टेकवला की तो जोर डाव्यावर येतो.

२७ जानेवारी

गुडघा सुजलाय. वाटीच्या मधोमध टेप लावून ३९.५, एरवी ३८. १०२ चा ८८ झाला. जिना उलटा उतरलो, पोरं शिकतात तसा.

नियम लिहून भिंतीवर लावला : फेरीनंतर दुसर्‍या दिवशी सकाळी मोजायचं. सूज एक सेंटिमीटरपेक्षा जास्त, किंवा वाकणं दहा अंशांनी कमी, तर सूज उतरेपर्यंत सुट्टी आणि पुढची फेरी निम्मी. आठवड्याला अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. आणि थांबताना डावा पाय टेकवायचा, म्हणजे निघताना जोर उजव्याचा. शेवटच्याची सवय लावायला महिना जाईल, शरीर आपोआप उजवा टेकवतं.

९ फेब्रुवारी

सूज उतरायला आठ दिवस. आज पाच किलोमीटर, गोंदूर रोड. विशेष काही नाही.

२ मार्च

मांडीचा घेर, वाटीपासून दहा सेंटिमीटर वर : नोव्हेंबरात डावी ४१.५ होती, आज ४२.५. उजवी ४४.५, तिच्यात फरक नाही. जिना उतरताना कठडा धरायचा राहतो कधी कधी, ते बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

वाकणं मात्र १०२ च. डॉक्टरांना विचारलं, सायकलने वाढेल का. म्हणाले, इतक्या वर्षांनी फार अपेक्षा धरू नका, आहे ते टिकवा. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मी मनात क्रँकची लांबी मोजत होतो, १२७ ला १०० लागतात, दोन अंश शिल्लक पडतात.

पश्चिमेचा वारा सुटायला लागलाय. समोरून वारा म्हणजे चढच. जाताना वार्‍यासमोर आणि येताना वारा पाठीशी, हा क्रम ठेवला.

१६ मार्च, रविवार

होळी झाली, ऊन चढलं. आता साडेसहाला निघून नऊच्या आत घरी.

आज लळिंग. आठवड्याला थोडं थोडं वाढवत सोळावर आलो होतो, आज वीस भरले, म्हणजे भिंतीवरचा दहा टक्क्यांचा नियम मोडला. लिहून ठेवतो. हायवेवरून ट्रक फार, म्हणून डाव्या पट्टीच्या अगदी कडेने. वर किल्ला उन्हात तांबूस दिसत होता. कॉलेजात असताना त्यावर पळत चढलोय, आता घाटाचा चढ सुरू झाला तिथे उतरलो. सायकल स्टँडवर लावली आणि टपरीवर चहा घेतला. टपरीवाला सायकलकडे बघत होता. मग खाली वाकून डाव्या क्रँकला हात लावला.

"भो, हाई लहान का लावेल शे?"

मी पँट वर करून गुडघा दाखवला. तो बघत राहिला आणि मग त्याने आपला उजवा हात पुढे केला, कोपरात न वळणारा. उसाच्या गाडीखाली आला होता म्हणाला. चहाची किटली तो त्याच हाताने ओततो, आणि किटलीच्या कानाला त्याने तारेची लांब मूठ जोडून घेतलीय, म्हणजे कोपर वळवावं लागत नाही. मूठ हातात घेऊन बघितली. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल, वरून ट्यूबचं रबर गुंडाळलेलं.

१७ मार्च

सकाळचं माप : सूज ०.५, वाकणं ९९. नियमात बसतं.

करायचं राहिलेलं : डाव्या पायडलचं रबर एका बाजूने घासलंय, पाय बाहेरच्या बाजूला तिरपा पडतोय का ते बघणं. नवी कॉटर पिन शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळायची असते, चाचाकडे जाणं. जाताना पोत्यात साडेचार इंची क्रँक आहे का, तेही विचारणं.